अर्ध्या मेंदूची साक्ष
(पुस्तक-परीक्षण : ‘माय स्ट्रोक ऑफ इनसाइट’, लेखिका – जिल बोल्टी टेलर, व्हायकिंग प्रकाशन, २००८)

आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. सकाळी धडधाकट उठलेला माणूस चहाचा कप ओठांपर्यंत नेईपर्यंत बदलून जातो. एक हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, जीभ जड होते. अर्थात हे वारे अंगावरून जात नाही, मेंदूतून जाते. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या चेतापेशी काही मिनिटांत मरू लागतात. पाश्चात्त्य देशांत दर १०० झटक्यांपैकी सुमारे ८५ गुठळीमुळे येतात, बाकीचे रक्तस्रावामुळे.

आम्हांला शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका सरांना निवृत्तीनंतर असा झटका आला. आम्ही काही जण भेटायला गेलो. सरांनी आम्हांला ओळखले, ते हसले; पण पाणी हवे आहे एवढेही त्यांना सांगता येईना. ‘‘ते... ते...’’ यापुढे गाडी जात नव्हती. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, घरच्यांनी आरती सुरू केली आणि काय आश्चर्य, सर सगळ्यांबरोबर आरतीचे शब्द बिनचूक म्हणू लागले. त्यांच्या सूनबाई आम्हांला म्हणाल्या, ‘‘बघा, बाबांना बोलता येतंय की! मग आम्ही विचारतो तेव्हा का बोलत नाहीत?’’

आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. मेंदूची आकृती फळ्यावर काढून वाचेचे केंद्र, हालचालीचे केंद्र असे बाण आम्ही कितीतरी वेळा दाखवले आहेत. पण सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या बाणांत नव्हते. ते शोधता शोधता जिल बोल्टी टेलर यांचे हे पुस्तक आम्ही मिळून वाचले. ते शिक्षकांनी अवश्य वाचावे असे आमचे मत आहे. मात्र त्याचा अर्धा भाग मान्य करून आणि अर्ध्या भागाशी भांडत वाचावे, असेही आम्हांला वाटते.

शास्त्रज्ञच रुग्ण

लेखिका मेंदूच्या रचनेच्या अभ्यासक. भावाला स्किझोफ्रेनिया झाल्यामुळे त्या या विषयाकडे वळल्या. संशोधनासाठी मृत व्यक्तींचे मेंदू जतन करणाऱ्या हार्वर्डच्या मेंदूपेढीसाठी त्या काम करत. लोकांनी मेंदूदान करावे म्हणून गिटार घेऊन गाणी म्हणत गावोगाव व्याख्याने देत. १० डिसेंबर १९९६ रोजी सकाळी, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांच्याच मेंदूच्या डाव्या गोलार्धात रक्तस्राव झाला. तेथील रोहिणी आणि नीला यांच्यात जन्मापासून एक सदोष जोड होता, तो फुटला.

पुढचे चार तास या पुस्तकाचा गाभा आहेत. डाव्या डोळ्यामागे कळ येते. उजवा हात लुळा पडतो. मदतीला फोन करायचा, तर कार्यालयाचा क्रमांक आठवत नाही. कार्डांच्या गठ्ठ्यातून ते कार्ड हुडकायलाच पाऊण तास जातो, कारण अक्षरे आता अक्षरे राहिलेली नाहीत, नुसत्या रेघोट्या झाल्या आहेत. शेवटी कार्डावरच्या रेघोट्या फोनवरच्या रेघोट्यांशी जुळवून क्रमांक फिरवला जातो. पलीकडे सहकारी बोलतो, पण कानांवर पडते ते कुत्र्याच्या आवाजासारखे काहीतरी. आणि स्वतःच्या तोंडूनही तसेच निघते. त्या दिवशी दुपारपर्यंत चालणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, आयुष्यातले प्रसंग आठवणे, सारे संपलेले असते. २७ डिसेंबरला शस्त्रक्रिया करून रक्ताची गोल्फच्या चेंडूएवढी गाठ काढली गेली. पूर्ववत व्हायला आठ वर्षे लागली.

वाचाघाताचे रुग्ण आपली हकिगत सांगू शकत नाहीत, कारण सांगण्याचे साधनच गेलेले असते. मेंदूची परिभाषा जाणणारी व्यक्ती त्या विहिरीत पडून परत आली आणि आत काय दिसले ते तिने लिहिले, असे क्वचितच घडते. येथे पुस्तकाचे मोल वादातीत आहे.

आईची शाळा

शिक्षकांना सर्वांत जवळचा वाटेल तो भाग आईच्या शिकवणीचा. आई, जी. जी., मुलीजवळ येऊन राहते आणि ३७ वर्षांच्या शास्त्रज्ञ मुलीला पुन्हा पहिलीपासून शिकवते.

जोडकोड्याचा प्रसंग पाहा. लहान मुलांचे तुकडे जोडायचे कोडे आई पुढ्यात ठेवते. मुलगी तुकड्यांच्या कडा न्याहाळते, फिरवून बघते, पण जमत नाही. मग आई सांगते, ‘रंगाचाही उपयोग करता येईल.’ त्या क्षणापर्यंत मुलीला रंग जणू दिसलेच नव्हते! डोळे शाबूत होते, रंग डोळ्यांत उतरत होते. पण ‘हे लक्ष देण्याजोगे आहे’ असे कोणीतरी सांगेपर्यंत त्यांची नोंद होत नव्हती. वर्गात एखाद्या मुलाला आकृतीतली ‘अगदी स्पष्ट’ गोष्ट दिसत नाही, तेव्हा आपण चिडतो. चिडण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

आईची दुसरी युक्ती प्रश्न विचारण्याची. ‘भूक लागली का?’ अशा हो-नाहीच्या प्रश्नाला फारसे डोके चालवावे लागत नाही. म्हणून ती जेवणाचे दोनतीन पर्याय सांगते आणि निवडायला लावते. प्रत्येक पदार्थ कसा असतो हे मेंदूला आठवावे लागते. सापडला नाही तर आई त्याचे वर्णन करते, तरीही सापडला नाही तर तोच पदार्थ ताटात येतो आणि नव्याने शिकला जातो. गणित सर्वांत उशिरा आले. भागाकार जमायला पाचवे वर्ष उजाडले.

झोपेविषयीही लेखिका आग्रहाने लिहितात. थकलेल्या मेंदूला हलवून जागे करून शिकवण्यापेक्षा त्याला झोपू द्यावे, जागा होईल तेव्हा थोडा वेळ पण पूर्ण लक्ष देऊन शिकवावे. पुस्तकाच्या शेवटी रुग्णाच्या भूमिकेतून लिहिलेल्या ४० अपेक्षांची यादी आहे. हळू बोला, पण ओरडू नका, रुग्ण बहिरा नाही; तेच पुन्हा शंभर वेळा शिकवावे लागले तरी पहिल्यांदा शिकवत असल्यासारखे शिकवा; काय जमत नाही ते मोजण्याऐवजी काय जमले ते पाहा, हा तिचा रोख. ही यादी आम्ही सरांच्या घरी मराठीत सांगितली. तेव्हापासून घरच्यांनी त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे सोडले. पुस्तकाचा एवढा उपयोग झाला तरी ते कारणी लागले.

उजव्या मेंदूचा स्वर्ग

आता आमचा मतभेद. डावा गोलार्ध बंद पडू लागला तेव्हा लेखिकेला केवळ भीती वाटली नाही. मनातली बडबड थांबली, शरीराची कड विरघळली, आपण साऱ्या विश्वाशी एकरूप झालो आहोत असा गाढ शांतीचा अनुभव आला. २००८ साली त्यांनी दिलेले अठरा मिनिटांचे व्याख्यान जगभर पाहिले गेले ते याच वर्णनामुळे. त्यावरून त्या निष्कर्ष काढतात, की ही शांती उजव्या गोलार्धात कायमची नांदते आहे. डावा गोलार्ध म्हणजे शब्द, हिशेब, काळ आणि ‘मी’; उजवा म्हणजे वर्तमान क्षण, करुणा आणि एकत्व. आपण ठरवले तर केव्हाही डावीकडून उजवीकडे पाऊल टाकू शकतो. २०२१ सालच्या ‘होल ब्रेन लिव्हिंग’ या पुस्तकात त्या आणखी पुढे जाऊन मेंदूत चार ‘पात्रे’ कल्पितात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

अनुभव खरा आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खरा नाही.

एक उदाहरण घेऊ. शाळेचा शिपाई एक दिवस आला नाही. घंटा वाजली नाही, तासांचा गोंधळ झाला, मुले मैदानावर मजेत खेळत राहिली. यावरून ‘वेळापत्रक शिपायात असते’ असे कोणी म्हणेल काय? किंवा ‘शिपाई नसताना जो आनंद दिसला, तो एरवी मैदानात दडलेला असतो’ असे? त्या दिवशी दिसली ती शिपायाविना चाललेली अख्खी शाळा. तसेच डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर जे उरते तो ‘शुद्ध उजवा मेंदू’ नसतो. तो एक भाग बिघडलेला, त्या धक्क्याने इतरत्रही विस्कळीत झालेला संपूर्ण मेंदू असतो. जखमेपासून दूरचे, पण तिच्याशी जोडलेले भागही काही काळ मंदावतात, हे मोनाकोव्ह या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडले होते. त्याआधी, १८७४ साली, इंग्लंडच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी बजावले होते, की कोणत्या जागेच्या इजेने वाचा जाते हे सांगणे वेगळे आणि वाचा कोठे असते हे सांगणे वेगळे.

वाचेच्या केंद्राचा इतिहासही हेच सांगतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याला सर्व समजे, पण तोंडातून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात पुढच्या बाजूला इजा आढळली आणि ती जागा ‘ब्रोका क्षेत्र’ म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. तो मेंदू पॅरिसमध्ये जतन केलेला होता. २००७ साली त्याची चुंबकीय प्रतिमा घेतली, तेव्हा इजा पृष्ठभागापुरती नसून खोलवर, दूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेल्याचे दिसले. म्हणजे आपल्या आकृतीतला पहिला बाणसुद्धा दिसतो तितका टोकदार नाही.

दोन गोलार्धांत कामाची वाटणी नसतेच असे मात्र नाही. अपस्मारावरील उपचार म्हणून ज्यांचे गोलार्ध जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापला होता, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी कॅलिफोर्नियात सुंदर प्रयोग केले. त्यांना १९८१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के आणि डावखुऱ्या सुमारे ७० टक्के माणसांत भाषेचा मुख्य भार डाव्या गोलार्धावर असतो. पण त्यावरून ‘ही व्यक्ती डाव्या मेंदूची, ती उजव्या मेंदूची’ असे ठरत नाही. २०१३ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूप्रतिमा तपासल्या. काही कामे एका बाजूला अधिक चालताना दिसली, पण एखाद्याचा सबंध मेंदूच डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला आहे असे आढळले नाही.

शिवाय उजवा गोलार्ध हे शांतीचे घर असेल, तर त्याला इजा झालेल्या रुग्णांची फक्त शांती जायला हवी. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी अनेकांचे जगाच्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. आपल्या पद्धतीने वाढलेले ताट पुढे ठेवले, तर भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. डावा हात लुळा असूनही काही जण ‘मला काही झालेले नाही’ असे ठामपणे सांगतात. आवाजातला राग, थट्टा, लाड ओळखणे काहींना जड जाते. मेंदू इतका साधा दुभंगलेला असता, तर हे कोडे पडलेच नसते.

आणखी एक शंका. भाषा आणि आठवण दोन्ही कोलमडत असताना घेतलेला अनुभव लेखिकेने अनेक वर्षांनी, भाषा परत मिळाल्यावर लिहिला आहे. आठवण ही जपून ठेवलेली फीत नसते, ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते. ‘मला असे वाटले’ ही साक्ष आपण स्वीकारू; ‘म्हणून मेंदू असा आहे’ याला मात्र दुसरा पुरावा मागू.

वीज काय सांगते?

तो दुसरा पुरावा कसा मिळतो? इजा होण्याची वाट न पाहता मेंदूच्या एखाद्या बिंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला असा स्पर्श केला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. माणसातले काम मुख्यतः वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाचे. त्यांच्या पुढाकाराने कॅनडातील माँट्रिअल येथे १९३४ साली मेंदूविकारांची संस्था उभी राहिली. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. त्यामुळे कवटीची त्वचा तेवढी बधिर करून, रुग्ण जागा असताना ते मेंदूवर विजेचे टोक टेकवत. एका जागी टेकवले की अंगठा हले, दुसरीकडे ओठ. रुग्ण म्हणत, हे मी केले नाही, तुम्ही केलेत.

वाचेच्या बाबतीत गंमत पुढेच आहे. त्या भागांना वीज लावली तर रुग्ण बोलू लागत नसे, उलट गप्प होई. एका रुग्णाला फुलपाखराचे चित्र दाखवले. त्याला नाव सांगता येईना. वीज काढल्यावर त्याने सांगितले, की ‘फुलपाखरू’ सापडेना म्हणून मी ‘पतंग’ हा शब्द शोधत होतो, तोही मिळाला नाही. म्हणजे त्या जागी शब्द साठवलेले नव्हते. शब्दाकडे जाणारी वाट तेथून जात होती. विजेने वाट अडली, विचार चालूच राहिला.

आजच्या उपचारांतही हेच दिसते. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर तार बसवून जलद विद्युतस्पंदांनी हाताचा कंप थांबवला. पुढे कंपवातासाठी ही पद्धत जगभर गेली. पण हालचाल सुधारत असताना काही रुग्णांचा शब्द सुचण्याचा वेग थोडा मंदावतो. हालचाल, वाचा आणि विचार यांच्या खोल्या वेगळ्या असत्या, तर एकीतल्या दुरुस्तीने दुसरीत अडचण का व्हावी?

पक्षाघातानंतर हात सुधारण्यासाठी अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेला एक उपाय शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. त्यात मानेतील व्हेगस या चेतातंतूला वीज दिली जाते, पण केव्हा? रुग्ण हाताचा व्यायाम करत असताना, नेमक्या हालचालीच्या क्षणी. १०८ रुग्णांच्या चाचणीत उपकरण सर्वांना बसवले होते आणि व्यायामही सर्वांना सारखाच दिला होता. व्यायामाबरोबर खरी वीज मिळालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांच्या हातात ठळक सुधारणा झाली, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांच्या. वीज शिकवत नाही. सराव शिकवतो आणि वीज त्याला पाठबळ देते. जी. जी. यांनी विजेशिवाय हेच केले होते.

वर्गात आणि घरात

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. ‘मुलाचा उजवा मेंदू जागृत करून देतो’, ‘मध्यमेंदू उघडतो, मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचेल’ अशा जाहिराती करून पालकांकडून हजारो रुपये घेणारी शिबिरे आपल्याही शहरांत भरली आहेत. पट्टीच्या खालच्या फटीतून वाचायला मूल शिकते आणि त्याबरोबर खोटे बोलायलाही. दुसरीकडे ‘हा उजव्या मेंदूचा, याला गणित येणार नाही’ असा शिक्का आपल्याच शिक्षकखोलीत मारला जातो. टेलर यांचा असा हेतू मुळीच नाही. पण त्यांची विभागणी हातात घेऊन दुसरे लोक दुकान थाटतात.

घरातही धोका आहे. निर्धाराने आणि प्रेमाने आठ वर्षांत सर्व परत येते असा अर्थ कोणी घेतला, तर ज्यांचे परत येत नाही त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय समजायचे? प्रयत्न कमी पडले असे? इजा कोठे, किती, वय काय, यावरही बरेच ठरते. ‘सहा महिन्यांत आले नाही ते पुन्हा येत नाही’ या समजाला हे पुस्तक चांगले उत्तर देते. पण एका रुग्णाची गोष्ट आशेला पुरेशी असते, नियमाला नाही.

त्या सकाळच्या शांतीचे वर्णन इतके मोहक आहे, की आपण निकडीची गोष्ट विसरतो. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर उचलून धरता येईना, बोलणे अडखळले, की कार्ड शोधत बसू नये, लगेच मेंदूची प्रतिमा काढण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते; आणि झटका रक्तस्रावाचा असेल, जसा लेखिकेचा होता, तर तेच औषध घातक ठरते. म्हणून आधी प्रतिमा, मग औषध. आठवी-नववीच्या मुलांना ही तीन लक्षणे पाठ असली, तर एखाद्या आजोबांची वाचा वाचेल.

हे पुस्तक वरच्या वर्गातील मुलांबरोबर वाचायचे असेल तर एक साधा पाठ करता येईल. वहीच्या पानाचे दोन भाग करा. एकीकडे लेखिकेला काय जाणवले ते लिहा, दुसरीकडे त्यावरून त्यांनी काय ठरवले ते. मग दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक ओळीपुढे विचारा, ‘हे आणखी कशावरून म्हणता येईल?’ विज्ञानाची पद्धत यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असे आम्हांला वाटत नाही.

राहिला सूनबाईंचा प्रश्न. उशिरा का होईना, आम्ही त्यांना उत्तर दिले. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली आरती चालीसकट, एका शब्दामागून दुसरा अशी आपोआप येते. ‘मला पाणी हवे’ हे वाक्य मात्र दर वेळी नव्याने बांधावे लागते आणि बांधण्याची तीच वाट सरांच्या मेंदूत तुटली आहे. ते बोलायचे टाळत नाहीत. ‘‘म्हणजे बाबा आत आहेत ना?’’ त्यांनी विचारले. ‘‘आहेत,’’ आम्ही म्हणालो. आता त्या सरांपुढे पाण्याचा पेला आणि चहाचा कप दोन्ही धरतात, नावे घेतात आणि थांबतात. सर बोट दाखवतात. गेल्या खेपेला बोटाबरोबर ‘‘पा...’’ असा उच्चारही आला.